खतमावशीचा ढीग

चांगल्या मुरलेल्या खताचा हाताला वास राहत नाही, असं खतमावशी म्हणायची, आणि समोरच्याला पटलेलं दिसलं नाही तर सरळ त्याच्या नाकापाशी मूठ न्यायची. त्यामुळे खताच्या बाबतीत तिच्याशी वाद घालायला सहसा कोणी धजत नसे.

घरामागच्या परड्यात तिच्या दोन गाई होत्या आणि गाईंच्या मागे हा ढीग. स्वयंपाकघरातल्या डब्यांकडे तिचं लक्ष नसेल एवढं या ढिगाकडे. शेणाचा थर, पालापाचोळ्याचा थर, वरून राख, मग पाणी शिंपडून जुनी पोती पांघरायची. मधूनमधून ढीग उलटायचा. शेजारणींनी आधी नाकं मुरडली, ‘खतमावशी’ हे नाव ठेवलं, आणि पुढे कुंड्यांतली फुलझाडं मलूल झाली की त्याच शेजारणी टोपली घेऊन दारात उभ्या राहू लागल्या. नाव ठेवणाऱ्यांनी ठेवलं, मावशीने ते बिनतक्रार वापरायला काढलं. पुढे पुढे तर नवऱ्याच्या शिलाईच्या दुकानाचा पत्ता सांगतानाही लोक ‘खतमावशीच्या घरापुढे’ असंच सांगायचे. टेलरकाकांना ते फारसं आवडत नसे, पण गिऱ्हाईक चुकत नव्हतं.

एवढं खत, पण तिची स्वतःची जमीन म्हणाल तर त्या परड्याएवढीच. शेत करायची ते दुसऱ्याचं.

शेत घड्याळवाल्यांचं. शहरात बाजाराच्या तोंडाशी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि गावाबाहेरच्या रस्त्याला लागून वडिलांकडून आलेले जमिनीचे दोन तुकडे. वरचा तुकडा चढावर, खालचा उताराच्या पायथ्याशी. वरच्यात पाणी थांबत नसे; खालच्यात पाऊस जरा रेंगाळला की तळं व्हायचं आणि पिकाची मुळं कुजायची. एक तुकडा मावशी करायची, दुसरा चक्कीवाला. त्याची पिठाची गिरणी होती, शेती जोडधंदा. निम्मं पीक मालकाचं, निम्मं कसणाऱ्याचं. आणि दर वर्षी पीक निघालं की तुकड्यांची अदलाबदल: वरचा खाली, खालचा वर.

ही अदलाबदल घड्याळवाल्यांच्या वडिलांनी घालून दिली होती. कुळाला एका जागी बसू दिलं की ते तिथे रुजतं आणि मग उठत नाही, जमीनच माझी म्हणतं, असं त्यांचं म्हणणं. मुलाने वडिलांचं दुकान, वडिलांचं भिंग आणि वडिलांची ही भीती, तिन्ही जशीच्या तशी वापरायला घेतली होती.

आता जे घर पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या ताब्यात जाणार, त्याच्या भिंतींना रंग कोण देतो? खालच्या तुकड्याच्या कडेने एक चर खणला तर साचलेलं पाणी ओढ्याला निघून जाईल, हे मावशीला माहीत होतं, चक्कीवाल्याला माहीत होतं, रस्त्याने जाणाऱ्या शेळ्यांनाही बहुधा माहीत असावं. पण चर खणायचा म्हणजे कंबर मोडायची, आणि ज्याने खणला तो पुढच्या वर्षी वर. तेव्हा ‘पुढच्या वर्षी खाली येईल तो खणेल’ असं म्हणत दोघांनी आयुष्याची कितीतरी वर्षं काढली. खुरपणीचंही तेच. शेतात पहिली खुरपणी व्हायची, दुसरी कधीच नाही. “पहिली पिकासाठी, दुसरी मालकासाठी,” असं चक्कीवाला म्हणायचा आणि पहिलीनंतर खुरपं गिरणीच्या खिडकीत ठेवून द्यायचा.

शेवटच्या आठवड्यात तर मौजच. तुकडा सोडायच्या आधी दोघंही हातगाडी घेऊन यायचे आणि वरची मऊ माती खरवडून घरी न्यायचे. मावशी परड्यातल्या भाजीसाठी, चक्कीवाला अंगणात भर घालायला. चोरी म्हणावी तर दोघं भर दिवसा, एकमेकांना ‘काय, चाललं का?’ विचारत न्यायचे. मावशीच्या परड्यातल्या वांग्यांचं सगळे कौतुक करत. त्यांत घड्याळवाल्यांच्या जमिनीची साय किती, हे कोणी विचारलं नाही.

मावशी पहिल्यापासून अशी हिशेबी नव्हती. नवी नवी शेत करायला लागली तेव्हा परड्यातला सगळा ढीग तिने वरच्या तुकड्यात नेऊन पसरला होता. पण शेणखत पहिल्या वर्षी नुसती ओळख करून घेतं, खरं कामाला लागतं दुसऱ्या वर्षी. आणि दुसऱ्या वर्षी वर होता चक्कीवाला. त्याला मुठीएवढाले कांदे आले. आयत्या बिळावर नागोबा बसावा तसा तो त्या कांद्यांच्या राशीवर बसला, आणि शेजारधर्म म्हणून एक टोपली मावशीकडे पाठवून वर निरोप दिला, “मावशीला सांगा, शेतीला हात लागतो, हात.” ते कांदे चिरताना आपल्या डोळ्यांना जे पाणी आलं ते कांद्यांचंच होतं, असं मावशीने नवऱ्याला मुद्दाम बजावून सांगितलं. त्यानंतर तिच्या खताची एक टोपलीही शेतात गेली नाही. परड्याला पुरून उरेल ते शहरातल्या नर्सरीवाल्याला.

मुलगा दूर एका कारखान्यात कामाला लागला, घरी सून आली. सून हाडापेराने मजबूत होती, आणि घरातल्या चार भिंतींपेक्षा तिला शेताचा बांध आवडायचा. तिच्याकडे पाहता पाहता मावशीच्या मनात एक गोष्ट घोळू लागली. त्या वर्षी खालचा तुकडा तिच्याकडे होता. एका संध्याकाळी, टेलरकाका मशीनवर शाळेच्या गणवेशांच्या बाह्या जोडत असताना, तिने ती बोलून टाकली.

“अहो, खालचा तुकडा मक्त्याने मागू या. पाच वर्षांसाठी. मालकाला दर वर्षी ठरलेली पोती द्यायची, वरचं सगळं आपलं.”

मशीन थांबलं. “आणि खालचं?”

“खालचाच तर मागतेय.”

“तसं नाही गं. पीक ठरलेल्या पोत्यांच्या खाली गेलं तर?”

“तर घरातलं घालायचं.”

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “निम्म्या वाट्यात दुष्काळसुद्धा निम्माच येतो. मालकाच्या दारातही उतरतो. मक्त्यात सगळाच्या सगळा आपल्याकडे मुक्कामाला.”

हे खरं होतं, आणि मावशीला ते कळत होतं. कळत होतं म्हणूनच ती थोडी चिडली. “तुम्ही शर्ट शिवता. गिऱ्हाईक म्हणालं, एक बाही तुमची, एक माझी, तर काजं नीट कराल?”

“मी दोन्ही बाह्या आखूड शिवीन,” काका म्हणाले.

“मग आमचं शेत तसंच आखूड चाललंय इतकी वर्षं.”

सून भांडी लावत होती. ती न वळता म्हणाली, “आई, चर खणायला मी आहे. पण पाच वर्षं मिळणार असतील तरच. एका वर्षासाठी मी हाताला फोड आणून घेणार नाही.”

“ऐका,” मावशी म्हणाली. “दोन दिवसांची आलेली पोर, तिलाही कळतंय.”

“दोन दिवसांची नाही, दोन वर्षं झाली,” सून म्हणाली, आणि ताट जरा जोरात ठेवलं.

काकांनी मशीन पुन्हा चालू केलं. त्यांचा होकार असाच असायचा.

घड्याळवाल्यांच्या दुकानात भिंतभर घड्याळं, आणि प्रत्येकाची वेळ निराळी. मावशी गेली तेव्हा ते डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी मनगटी घड्याळाच्या पोटात पाहत होते. वयाने तिच्याहून मोठे, पण तेही तिला मावशीच म्हणायचे.

“पाच वर्षं?” त्यांनी भिंग काढलं. “मावशी, तुम्ही तर मला वडिलांच्या फोटोसमोर उभं करताय.”

“उभं कशाला, बसून बोला. खालचा पाणथळ तुकडा मागतेय मी, वरचा नाही.”

“शब्द देतो. राहा पाच वर्षं. कागद कशाला?”

“तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे, भाऊ. पण तुमच्या शब्दाला तुमचे मेहुणे आहेत.”

घड्याळवाले हसले, कारण मेहुणे खरोखरच अधूनमधून त्या जमिनीकडे डोळे लावत असत. पण हसून झाल्यावर त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. “कागद केला की कूळ रुजलं, मावशी. ते जमणार नाही. अदलाबदल आहे ती बरी आहे.”

मावशी वाद न घालता उठली. वाद घालून ज्याच्याकडून ‘नाही’ वदवलं ते माणूस पुन्हा ‘हो’ म्हणायला लाजतं, हे तिला संसारात चांगलं कळलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती आणि सून परड्यातलं मुरलेलं खत हातगाडीने शेताकडे नेऊ लागल्या. पण शेतात नाही. रस्ता आणि खालचा तुकडा यांच्यामध्ये जी मोकळी कड होती, ना मालकाची ना कुणाची, तिथे त्यांनी ढीग घालायला सुरुवात केली. हंगाम सरत गेला तसा ढीग वाढत गेला. त्याच्या अगदी पायाशी मक्याची फिकी, पिवळसर रोपं खंगत उभी होती आणि ढीग वरून त्यांच्याकडे पाहत होता.

“मावशी,” चक्कीवाला येता-जाता विचारायचा, “चार पावलांवर शेत आहे. हात पोचत नाही का?”

“हात पोचतो. साल पोचत नाही.”

“म्हणजे?”

“तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही हात लागलेला माणूस.”

घड्याळवाले मक्याचा वाटा न्यायला आले तेव्हा त्यांनीही ढिगाला एक वळसा घातला. “हे टाकत का नाही तुम्ही?”

“कुणाच्या शेतात टाकू, भाऊ? थोड्या दिवसांनी हे शेत कुणाचं, ते तुम्हीच सांगा.”

ते पोत्यांकडे वळले. पोती मोजताना मात्र त्यांचं लक्ष दोनदा रस्त्याकडे गेलं.

अदलाबदलीच्या दिवशी घड्याळवाले नेहमी दुपारी यायचे. त्या वर्षी सकाळीच स्कूटरवरून आले आणि म्हणून त्यांना एक गोष्ट दिसली जी त्यांनी आजवर कधी पाहिली नव्हती. चक्कीवाला वरच्या तुकड्यातून मातीने भरलेली गाडी बाहेर काढत होता. मागचं शेत ताटलीतला भात बोटांनी निपटावा तसं निपटलेलं होतं. चक्कीवाला थांबला, गाडी लपवायला मोठी होती.

“ही माती कुठे चाललीय?”

“दर वर्षी जाते तिथेच,” चक्कीवाला म्हणाला. खोटं बोलायला त्याला सुचलं नाही. “आम्ही दोघंही नेतो. यंदा मावशीने का नेली नाही ते तिला विचारा.”

मावशी आपल्या ढिगापाशी उभी होती. “यंदा मला इथेच राहायचं होतं,” ती म्हणाली.

तेवढ्यात रस्त्यावर एक छोटा ट्रक येऊन लागला. नर्सरीचा ड्रायव्हर फावडं घेऊन उतरला आणि ढिगावरची पोती बाजूला करू लागला.

“हा कशाला आलाय?” घड्याळवाल्यांनी विचारलं.

“खत न्यायला. मी बोलावलंय.”

“सगळं?”

“सगळं. मी उद्यापासून वर जाणार, मग इथे कशाला ठेवू?”

घड्याळवाल्यांनी ढिगातलं मूठभर खत उचललं. आयुष्यभर केसाएवढी चाकं हाताळलेल्या बोटांनी ते चुरून पाहिलं. ते काळं होतं, हलकं होतं, आणि मावशीने ‘वास घ्या’ म्हणायच्या आधीच त्यांनी तो घेतला. मग ते निपटलेल्या वरच्या तुकड्याकडे पाहत राहिले, मग चक्कीवाल्याच्या गाडीकडे.

“म्हणजे मी तुम्ही रुजाल म्हणून घाबरतोय,” ते शेवटी म्हणाले, “आणि इकडे माझी जमीनच दर वर्षी उठून तुमच्या घरी जातेय.”

“गाडीत बसून,” ड्रायव्हर म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

“भाऊ, मी सरळ सांगते,” मावशी म्हणाली. “पाच वर्षांनी मी उठेन, असं मी लिहून देते. पाच वर्षं उठवणार नाही, असं तुम्ही लिहून द्या. दोघांची भीती एकाच कागदावर.”

घड्याळवाल्यांनी हात झटकले, पण ते खत हाताला कुठे चिकटलं नव्हतं. “उद्या दुकानात या,” ते म्हणाले. मग चक्कीवाल्याकडे वळले. “तुम्हीही या. वरचा तुकडा तुमच्याकडे पाच वर्षं.”

चक्कीवाल्याचा चेहरा उजळला. खालची ब्याद कायमची सुटली होती. मग त्याची नजर आपणच खरवडलेल्या शेताकडे गेली, तिथून हातातल्या गाडीकडे, आणि त्याने मान खाजवली. ही एक गाडी परत टाकता येत होती. आधीच्या सगळ्या गाड्या अंगणात गेल्या होत्या आणि अंगणात त्याने कालच फरशी बसवून घेतली होती.

ट्रकवाल्याला मावशीने चहा पाजला आणि रिकामा जाऊ नये म्हणून थोडं खत दिलं. बाकीचा ढीग कागद होईपर्यंत तिने हलवला नाही.

मग चर. सुनेने आणि मावशीने तो तुकड्याच्या वरच्या टोकापासून ओढ्यापर्यंत स्वतः खणला. सुनेच्या तळहातांना फोड आलेच, तेव्हा काकांनी पँटच्या उरलेल्या जाड कापडाचे हातमोजे शिवून दिले. दोन्ही हातांचे, आणि अजिबात आखूड नाहीत. खत पसरलं गेलं. मावशीने परड्यातली मातीही हातगाडीने परत आणून टाकली. सून हसत होती. “आई, नेलीत तीच वाट, तीच गाडी.”

“तेव्हा उतार होता, आता चढ आहे,” मावशी म्हणाली. “एवढी शिक्षा पुरे.”

पहिल्या वर्षी पावसाने ताल सोडला. चराची कड एका ठिकाणी ढासळली, निम्म्या शेतात पुन्हा पाणी बसलं. ठरलेली पोती पुरी करायला घरातली कणगी उपसावी लागली आणि पुढे खायचं धान्य विकत आणावं लागलं. ‘मी म्हणालो होतो’ हे वाक्य काका एकदाही बोलले नाहीत. फक्त मशीन रोज जरा उशिरापर्यंत चालू राहायचं, आणि त्या आवाजात मावशीला ते वाक्य स्वच्छ ऐकू यायचं. सकाळी उठून ती सुनेला घेऊन चराची कड दगडांनी बांधून काढायला गेली.

दुसऱ्या वर्षी खत कामाला लागलं. पाणी चरातून निघून गेलं, आणि इतकी वर्षं वरच्या तुकड्यातून वाहून आलेला गाळ खाली नुसता निजलेला होता तो जागा झाला. मावशीने खुरपणी एकदा केली, दुसऱ्यांदा केली, आणि लोक पाहत असताना तिसऱ्यांदाही केली.

“तिसरी कुणासाठी, मावशी?” चक्कीवाल्याने बांधावरून विचारलं.

“हौस म्हणून.”

बटाटे असे निघाले की पोती उसनी आणावी लागली. घड्याळवाल्यांना ठरलेलंच मिळालं, पण तेही खूश होते. पूर्वी कापणीच्या दिवशी दुकान बंद ठेवून वाटणीवर नजर ठेवायला उभं राहावं लागायचं, आता पोती दारात येत होती. मेहुणे म्हणाले, बाईने फारच कमावलं, पोती वाढवा. घड्याळवाल्यांनी त्यांना कागद दाखवला. चक्कीवाल्यानेही एक दिवस गुपचूप आपल्या तुकड्याला बांध घातला आणि कुणी पाहिलं तर ‘दगड पडलेले होते, लावून ठेवले’ असं सांगितलं.

असं चौथं वर्षही सरत आलं. आणि एका सकाळी गावाने पाहिलं की रस्त्याच्या कडेला, जुन्या जागी, पुन्हा ढीग पडायला लागला आहे.

“अगं, अजून एक अख्खं वर्ष आहे,” काका म्हणाले.

“एका वर्षात खत नुसती ओळख करून घेतं. काम करायला लागेल तेव्हा मी नसेन.”

“आणि ते नाही म्हणाले तर?” सुनेने विचारलं. तिच्या आवाजात या वेळी टोमणा नव्हता. चराच्या काठाचा एकेक दगड तिच्या हातचा होता, आणि बांधावर कुठे कुठे फळझाडं लावायची तेही तिने मनात आखून ठेवलं होतं.

“नाही म्हणाले तर नर्सरी आहे,” मावशी म्हणाली. एवढंच म्हणाली, पण त्या दिवशी संध्याकाळी ती कारण नसताना चराच्या कडेने पार ओढ्यापर्यंत जाऊन आली.

ढीग वाढत गेला. शेतात उभं पीक चांगलं होतं, पण कसणाऱ्या डोळ्यांना कळत होतं की यंदा दुसरी खुरपणी झालेली नाही. चक्कीवाला रोज ढिगाकडे पाहून जायचा. त्याचीही पाच वर्षं त्याच सुमारास संपत होती, त्यामुळे या वेळी तो थट्टा करत नव्हता.

घड्याळवाले आले ते सुगी नसताना, पोत्यांचं काही काम नसताना. स्कूटर लावून ते ढिगापाशी उभे राहिले.

“मावशी, हे काय?”

“घड्याळ आहे, भाऊ. तुमच्यासाठीच लावलंय.”

त्यांनी ढिगाची उंची पाहिली, तणाने डोकं वर काढलेल्या सऱ्या पाहिल्या, चर पाहिला. वडिलांच्या वेळी जिथे बेडूक ओरडायचे तिथे ते बुटांनिशी उभे होते आणि बूट कोरडे होते.

“पुढची पाच?” त्यांनी विचारलं.

“सात.”

“पाच ठरलेली असतात ना आपली?”

“सून झाडं लावायची म्हणतेय. झाडाला नुसतं उभं राहायलाच तीन वर्षं लागतात. आणि या वेळी कागद तिच्या नावाने करा. माझे गुडघे सात वर्षांचे राहिलेले नाहीत.”

घड्याळवाल्यांनी सुनेकडे पाहिलं. ती चरात उतरून दगड सारखे करत होती आणि आपल्याला काही ऐकूच येत नाही असं दाखवत होती. “ही रुजलीच की,” ते म्हणाले.

“आम्ही रुजलो तरच शेत रुजतं. गेल्या चार वर्षांत जमीन तुमचीच राहिली ना? उलट आमच्या परड्यात गेलेली मातीही परत आली.”

घड्याळवाल्यांनी बुटाच्या टोकाने कोरडी माती दाबून पाहिली. मग स्कूटरवर बसले. “बरं, सात. उद्या सकाळी दोघी दुकानात या, कागद करून टाकू. चक्कीवाल्यालाही सांगा. आणि आता हे टाका शेतात, नाहीतर उन्हाने वाळेल.”

सुनेने चरातूनच फावड्याकडे हात केला.

“उद्या कागद,” मावशी म्हणाली, “मग खतही उद्या.” आणि तिने बाजूला पडलेली पोती उचलून ढिगावर नीट, कडा दाबून, पांघरली.